बँडमास्तर नर्स होतो

एल्डन ओकरलंड अमेरिकेतल्या डलुथ शहरात शाळेतल्या मुलांना बँड शिकवायचा. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात एका नर्सने त्यांच्या वाढलेल्या मिशा हळुवार कातरून दिल्या, ते त्याच्या मनात घर करून बसलं. वडील गेले आणि पंचेचाळिशीला टेकलेल्या एल्डनने नोकरी सोडून नर्सिंगला नाव घातलं. आधीची पदवी असलेल्यांसाठी हा झटपट अभ्यासक्रम होता. चार वर्षांचं शिक्षण सव्वा वर्षात.

झटपट म्हणजे काय, ते त्याला पहिल्याच महिन्यात कळलं. एक धडा पचतोय तोवर चार पुढे गेलेले. वर्गातली पोरं त्याला लाडाने ‘मास्तर’ म्हणायची. पण औषधांच्या मात्रांच्या परीक्षेत मास्तर सपशेल आपटले.

“सोडून देतो,” तो बायकोला, कोरिनला, म्हणाला.

“दे. पण उद्या वॉर्डात जाऊन ये. तुझा डबा भरून झालाय.”

वॉर्डात त्याच्या वाट्याला पेल्कोनेनबाई आल्या. पक्षाघाताच्या झटक्याने त्यांची डावी बाजू लुळी पडली होती. कुणी भरवायला गेलं की तोंड घट्ट मिटायच्या. एल्डनने घाईघाईत ओटची लापशी पुढे केली, तर बाई फणकारल्या, “अरे, हा चमचा आहे की ट्रम्पेट, असा तोंडाला लावतोस तो?”

दारात उभ्या असलेल्या ओडेसाबाई, त्याच्या शिक्षिका, खुदकन हसल्या. मग त्याला बाजूला घेऊन म्हणाल्या, “अभ्यासात पळ हवा तेवढा. खाटेशी आलास की बस.”

तो खुर्ची ओढून बसला. बाईंना सरळ बसवलं, चमचा खाली ठेवला आणि विचारलं, “भीती वाटते का?”

बाईंच्या डोळ्यांत पाणी तरळलं. “घास डाव्या गालात अडकतो. काल जीव घुसमटला. कुणाला सांगू? सगळे पळतात.”

ओडेसाबाईंनी लगेच गिळण्याची तपासणी करणाऱ्या बाईंना बोलावलं. त्यांनी सांगितलं तसं घट्टसर, उजव्या बाजूने, अर्धा अर्धा चमचा एल्डन भरवू लागला. लापशी पार निवली, पण वाटी संपली.

“बँड शिकवायचास म्हणे?” बाईंनी विचारलं. “मग हे सोडून तिकडे पळू नकोस हं, पोरा.”

घरी आल्यावर त्याने पुस्तक उघडलं. कोरिन शेजारी बसून त्याच्याकडून औषधांच्या मात्रा घोकून घेऊ लागली. फेरपरीक्षेत तो काठावर पास झाला. वर्ष असंच धापा टाकत सरलं. आता तो त्याच वॉर्डात नर्स आहे. जेवण भरवायचं काम मात्र तो दुसऱ्या कुणावर टाकत नाही.