आयुधपूजेला बंद केलेलं मशीन

"कुंकू आत गेलं, मशीन मेलं," बोम्मसंद्र्याच्या त्या कारखान्याचे मालक मला दारातच म्हणाले. "होतंय का बघा. नाही झालं तर अक्कांनी उद्यापासून यायची गरज नाही."

अक्का म्हणजे शारदक्का, तिथल्या ड्रॉइंग सेक्शनच्या ऑपरेटर. त्यांच्या पगारावर घर चालायचं. रडून डोळे सुजले होते. मी मराठी बोलणारी आहे हे कळल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं आणि आपल्या बेळगावी मराठीत म्हणाल्या, "चिमूटभर लावलो हो मॅडम, तेबी वरच्या पत्र्याला. दरवर्षी लावतो की मी!"

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी मल्लेश्वरममधल्या एका छोट्या सर्व्हिस फर्ममध्ये हार्डवेअर इंजिनियर होते. बाई आणि स्क्रूड्रायव्हर हे जोडपं तेव्हा लोकांच्या पचनी पडत नसे. त्यामुळे मी कुठंही गेले की आधीच जरा तापलेली असायची.

मशीन म्हणजे युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारा कॉम्प्युटर होता, टेबलावर मावणारा, परदेशातून मागवलेला. डाय, म्हणजे साचे, बनवायची सगळी ड्रॉइंग्ज त्याच्यावर. ड्रॉइंगचं सॉफ्टवेअरही त्या एकाच मशीनवर चालायचं, कारण त्याचं लायसन्स मशीनच्या आयडीला बांधलेलं होतं. हा आयडी म्हणजे मशीनचा स्वतःचा नंबर. आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, आपल्याकडे लेथपासून स्कूटरपर्यंत सगळ्यांना हार घालतात, कुंकू लावतात, तसं यालाही केलं होतं. दसऱ्याची सुट्टी संपवून लोक आले, तर मशीन उठेना.

मी झाकण उघडलं. पंख्याच्या जाळीवर लाल पूड होतीच.

"बघा!" मालक म्हणाले.

खरं सांगते, तेव्हा मलाही तेच वाटलं. मी ब्रशनं सगळं साफ केलं, कार्ड्स काढून परत बसवली आणि बटण दाबलं. पंखा फिरला, डिस्क गुरगुरली, पण युनिक्स काही उठेना. स्क्रीनवर दिसत होतं, मशीन युनिक्स शोधायला नेटवर्ककडे हाका मारत होतं. अय्यो, त्या कारखान्यात नेटवर्क होतं कुठं! आणि स्वतःची डिस्क शेजारी असताना हे बाहेर का शोधतंय?

इथं फर्मवेअर म्हणजे काय ते सांगते. मशीनच्या चिपमध्ये एक छोटा प्रोग्रॅम कायमचा बसवलेला असतो. बटण दाबलं की आधी तो जागा होतो आणि मग डिस्कवरच्या युनिक्सला उठवतो. कुठून उठवायचं, मशीनचा आयडी काय, हे त्याला दुसरी एक चिप सांगते. त्या चिपच्या पोटातच एक बारकी बॅटरी असते. वीज नसताना तिच्यावर चिपची आठवण टिकते आणि घड्याळही चालतं.

मी मशीनला मध्येच थांबवून फर्मवेअरला आयडी विचारला. उत्तरात नंबराच्या जागी नुसती एफ या अक्षराची रांग. घड्याळही भलत्याच वर्षात. म्हणजे बोर्ड ठणठणीत होता, पोटातली बॅटरी संपली होती. कुंकवाचा काय संबंध!

पण मालकांना हे सांगून काय उपयोग? त्यांना ड्रॉइंग हवं होतं. त्यांचा कस्टमर केबिनमध्ये बसून होता.

डिस्कवरून उठ, असा हुकूम मी हातानं टाइप केला. युनिक्स उठलं. सॉफ्टवेअर मात्र म्हणालं, लायसन्स चालणार नाही. बरोबरच आहे, आयडीच पुसला गेलेला. मग सुचलं की लायसन्सची फाइल डिस्कवरच आहे, आणि हे सॉफ्टवेअर कुठल्या आयडीवर चालायचं ते तिच्यातच लिहिलेलं असणार. कुलपाकडं बघून किल्ली घासायची. फाइल उघडली, नंबर घेतला आणि फर्मवेअरमध्ये एकेक आकडा टाकला. शेवटी आधीच्या सगळ्या आकड्यांशी जुळणारा ताळ्याचा एक आकडा लागतो, तो चुकला तर फर्मवेअर सगळं नाकारतं. माझा पहिल्यांदा चुकला. मी दात-ओठ खात परत पहिल्यापासून टाकलं.

सॉफ्टवेअर उघडलं. प्लॉटरमधून मोठ्या कागदावर ड्रॉइंग छापून निघालं आणि मालकांचा चेहरा फुलला.

"म्हणजे कुंकू साफ केल्यावर चाललं! मी म्हणालोच होतो. अक्का, तुम्ही हिशेब करून घ्या."

माझं डोकंच फिरलं. मशीन झालं तर अक्का राहणार, असाच दारातल्या बोलण्याचा अर्थ होता ना? एवढा घाम गाळला तो काय यासाठी? मी सरळ युनिक्स बंद केलं आणि मशीनचं बटण दाबलं.

"मॅडम! आत्ता तर चालू झालं होतं!" ते ओरडले.

"स्वल्प थांबा सर."

मी परत बटण दाबलं. मशीन पुन्हा नेटवर्कला हाका मारायला लागलं. आयडी विचारला, तर पुन्हा एफची रांग.

"आता आत कुंकवाचा कण नाही. मग हे सगळं का विसरलं? बॅटरी कधीचीच मेली आहे सर. मशीन चालू होतं तोवर कळलं नाही. ज्या दिवशी बंद झालं त्या दिवशी विसरलं." मग मी विचारलं, "याआधी कधी बंद केलं होतं?"

"गेल्या आयुधपूजेला. एरवी यूपीएस आहे, जनरेटर आहे. आम्ही बंद करतच नाही."

"आणि यंदा बटण कोणी बंद केलं?"

शारदक्का फरशीकडे बघत उभ्या होत्या. तोंड उघडलं असतं तर त्यांची नोकरी तेव्हाच वाचली असती, पण त्या गप्प राहिल्या. त्या कारखान्यात पद्धत होती, पूजेच्या दिवशी प्रत्येक मशीनला विश्रांती द्यायची ती मालकांच्याच हातानं.

"नाने," मालक शेवटी कन्नडमध्ये म्हणाले. मीच. मग घसा साफ करून, "अक्का, जागेवर बसा. ड्रॉइंग खूप आहेत."

माफीबिफी काही नाही. मला अजूनही त्याचा राग येतो. शारदक्का मात्र पदरानं डोळे पुसून लगेच कामाला बसल्या.

एस. पी. रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात तशी चिप मिळाली. मी ती बसवली आणि आयडी पुन्हा भरला. वर्षानुवर्षं चालू असलेलं मशीन बंद करणं ही त्याची सगळ्यात अवघड परीक्षा असते, हे मी तिथं शिकले. तेव्हापासून कुठल्याही मशीनला हात लावण्याआधी मी विचारते, हे शेवटचं बंद कधी झालं आणि कोणी केलं.

पुढच्या आयुधपूजेला ऑफिसात फोन आला. शारदक्का होत्या.

"मॅडम, सर विचारायला लावले. बटण कोण बंद करायचं?"

"ज्यांनी विचारायला लावलं त्यांनीच. आणि कुंकू?"

"ते लावलो की मगाशीच!"