बाबांच्या पुस्तकातलं अर्ध्या पानाचं प्रकरण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. मी बाबांशी खोटं बोललो होतो.

बाबा तालुक्याच्या कोर्टात वकिली करायचे. एकदा नगरपालिकेला उभे राहिले आणि सपाटून पडले. म्हातारपणी त्यांनी एका अमेरिकन वकिलाचं चरित्र लिहायला घेतलं. शंभरेक वर्षांपूर्वी त्यानं खाणकामगारांचे खटले लढवले, तो सिनेटर झाला, मग गव्हर्नरपदाची निवडणूक हरला. पुढचं सगळं त्याच्या पत्रांच्या छापील संग्रहात होतं आणि त्याची एक प्रत जर्मनीत, बॉनच्या विद्यापीठात मिळेल, असं बाबांना कळलं होतं. मी बॉनलाच नोकरीला.

"गेलास का रे लायब्ररीत? की तीही तुमच्या दुकानांसारखी रविवारी बंद?" ते फोनवर विचारायचे.

"जाऊन आलो, बाबा. नाही मिळालं."

मी गेलोच नव्हतो. ऑफिसपासून चार स्टॉप ट्रामनं, तरी नाही.

"बरं. मग तो हरला तिथंच थांबतो," ते म्हणाले. शेवटचं प्रकरण अर्ध्या पानात आटोपलं. प्रस्तावनेत मात्र छापलं, 'चिरंजीवांनी जर्मनीत कसून शोध घेतला.'

बाबा गेल्यावर मी लायब्ररीत गेलो. संग्रह दहा मिनिटांत हातात आला. हरल्याच्या दुसऱ्याच दिवशी तो वकील नेहमीच्या वेळी कोर्टात हजर होता, एका मजुरासाठी. बाबाही पडल्यावर तसेच डबा घेऊन कोर्टात गेले होते. मी दारातून पाहिलं होतं.

ते प्रकरण पुरं करून देणं माझ्याकडून अजून राहिलंय.