दुसरीच्या बोटाचं रक्त

"सिकलसेल आहे. एसएस पॅटर्न," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि रिपोर्टचा कागद त्यांनी माझ्यासमोर ठेवला.

एक एस आईकडून आलेला, एक बापाकडून. अशा वेळी आई विचारते, माझ्याच लेकीला काऊन? मी विचारलं नाही. हे निदान दोन वर्षांपूर्वीच व्हायचं होतं, आणि ते मीच होऊ दिलं नव्हतं.

लाजिरवाणी गोष्ट आहे. पण तुमच्या घरातही अशी एखादी पोर असेल, थंडी पडली की हातपाय धरून रडणारी, डोळे पिवळे पडणारी. तिच्यासाठी सांगते.

मी शिलाई करते. नागभीडच्या अलीकडे आमचं गाव, चारही बाजूंनी धानाचे बांध. लग्नाची ब्लाऊजं माझ्याकडे येतात, त्यामुळं कोणाचं जमलं आणि कोणाचं फिसकटलं हे मला सगळ्यांच्या आधी कळतं. आमच्याकडे आता सोयरीक जुळवताना सिकलसेलचं कार्ड मागतात. पांढरं म्हणजे आजार नाही. पिवळं म्हणजे आजार अंगात लपलेला, स्वतःला त्रास नाही, पण लेकराला जाऊ शकतो. लाल म्हणजे खुद्द आजारी. एका पोरीचं कार्ड लाल निघालं आणि तिचं शिवून ठेवलेलं ब्लाऊज न्यायला कोणी आलंच नाही. ते अजून माझ्या कपाटात आहे. माझ्या डोक्यात भीती शिरली ती तिथून.

कार्डं द्यायचा तो धर्मादाय दवाखाना, वैनगंगेपलीकडे, जंगलात. तिथून शिकून आलेली आमच्या गावची मीरा घरोघर फिरायची. सातवी शिकलेली, माझ्याच वयाची. ताप मोजायची, बाळांची वजनं करायची, कोणाला कधी दवाखान्यात न्यायचं ते सांगायची. मी तिला तोंडावर चिडवायची, "आली बापा आमची अर्धी डॉक्टरीण!" ती हसायची आणि चहा मागायची.

दोन वर्षांपूर्वी समाजमंदिराच्या ओट्यावर तपासणी लागली. माझी स्नेहल सतरा वर्षांची होती. तिची आत्या विशीतच हाडांच्या कळांनी गेलेली, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. स्नेहलचंही लक्षण तेच दिसत होतं. खरं सांगते, मला शंका नव्हती, खात्रीच होती. म्हणूनच मला तपासायचं नव्हतं.

माझ्या दिराची रोशनी सोळा वर्षांची. तिची तपासणी शाळेत झालेली, कार्ड पांढरं. मी तिला म्हटलं, "स्नेहलचं नाव पुकारलं का तू जाऊन बस. तुह्या ड्रेसची शिलाई नाई घेत." दवाखान्यातून आलेल्या पोरी नवीन होत्या, त्यांना कोण कोणाची ते काय माहीत. मीरा वरच्या टोल्यावर, गावाच्या त्या टोकाच्या वस्तीत, बाया गोळा करायला गेली होती. रोशनीनं बोट पुढं केलं आणि पंधरा दिवसांनी स्नेहलच्या नावाचं पांढरं कार्ड घरी आलं. मी ते देवाच्या प्रसादासारखं जपून ठेवलं. आमच्या घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, त्याच्याच मागं. काय म्हणावं मला!

त्यानंतर दोन वर्षं पोरगी कळा सोसत राहिली. मी तिला वात आहे म्हणून सांगायची, नागभीडला नेऊन सुई टोचून आणायची. मीरा म्हणायची, "बाई, पोरीचे डोळे पिवळे दिसून राह्यले, एकदा दवाखान्यात दाखव न." मी कार्ड दाखवायची. ती औषधांची पिशवी उचलून पुढच्या घरी जायची.

यंदा धान कापणीच्या दिवसांत स्नेहलला ताप चढला आणि छातीत दुखायला लागलं. मीरानं बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन पाहिला, तिचा चेहराच बदलला. तिनंच फोन करून गाडी मागवली.

दवाखाना म्हटल्यावर मला मोठी इमारत वाटली होती. तिथं बैठी कौलारू घरं. पेशंटजवळ घरची माणसं राहतात, चुलीवर भात शिजवतात. लोक एवढ्या देणग्या देतात त्या जातात कुठं, असं मी नर्सबाईंना विचारलंसुद्धा. माझं तोंड तिथंही गप्प नव्हतं. त्या म्हणाल्या, "तुमच्या मीराताईंच्या पिशवीत जातात. अशा पिशव्या गावोगाव आहेत."

डॉक्टरबाईंनी विचारलं, "सिकलसेल तपासलंय का?" मी कार्ड पुढं केलं. ते त्यांच्याच दवाखान्याचं होतं. त्यांनी न्यूमोनियाची, म्हणजे छातीतल्या संसर्गाची औषधं सुरू केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्नेहलचे ओठ काळे पडले. नाकात नळी असूनही श्वास पुरत नव्हता. डॉक्टरबाई ते पांढरं कार्ड हातात घेऊन उभ्या होत्या, स्वतःशीच म्हणाल्या, "औषधाला दाद का देत नाही ही?"

स्नेहल माझ्याकडे बघत होती. तिला सगळं माहीत होतं. दोन वर्षं तिनं माझ्यासाठी तोंड उघडलं नव्हतं, आणि आता उघडायची ताकद नव्हती.

मी म्हटलं, "बाई, ते कार्ड माह्या पोरीचं नाई. रक्त दुसरीचं होतं."

वॉर्डातल्या सगळ्या बाया वळून बघायला लागल्या. डॉक्टरबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नर्सला म्हणाल्या, "आत्ता सँपल घ्या," आणि मग मला, "सांगितलंत, बरं केलंत. कार्डावर विसंबून मीही थांबायला नको होतं."

अर्ध्या तासात पहिली तपासणी झाली. डॉक्टरबाईंनी मला समजेल असं सांगितलं. सिकल म्हणजे विळा. गोल पेशी शिरांतून सरसर जातात, विळ्यासारख्या वाकड्या झालेल्या अडकतात. जिथं अडकतात तिथं कळ. स्नेहलच्या फुप्फुसात अडकल्या होत्या, त्याला अक्यूट चेस्ट सिंड्रोम म्हणतात. यात जीव जातो. रक्त चढवावं लागणार होतं, तेही लगेच.

दवाखान्याच्या गाडीनं रक्तपेढीतून रक्ताच्या दोन पिशव्या आणल्या. घेतलेलं रक्त भरून द्यायला मीरा गावातून सहा माणसं घेऊन आली. त्यात रोशनी होती, आता अठरा पूर्ण झालेली. फॉर्मवर तिनं स्वतःचं नाव लिहिलं आणि माझ्याकडे न बघता खाटेवर जाऊन आडवी झाली.

मी मीराच्या पाया पडायला गेले. ती मागं सरकली. "मी तुले कधी विचारलंच नाई," ती म्हणाली. "तुह्या घरचं कार्ड पांढरं म्हणजे पांढरं. आपल्याच बाईवर शंका कशी घेऊ?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला एखादी थोबाडीत चालली असती.

पक्का रिपोर्ट तिसऱ्या दिवशी आला, तोच तो एसएसचा कागद. मग आम्हा दोघांनाही तपासलं. नवऱ्याचं पिवळं निघालं, ते मला अपेक्षितच होतं. आयुष्यभर मी त्यांना तुमच्या घराण्याचं रक्तच खराब म्हणून टोमणे मारले होते. माझंही पिवळंच निघालं. नवरा गरीब माणूस, एवढंच म्हणाला, "आता काऊन बोलून नाई राह्यली व?"

अकराव्या दिवशी स्नेहल स्वतःच्या पायांनी चालली. आजार बरा झालेला नाही, हा मुळातून जात नाही. रोज हायड्रॉक्सीयुरियाची गोळी, त्या गोळीनं पेशी कमी वाकतात. फोलिक ॲसिडची गोळी, नवं रक्त बनायला. पाणी भरपूर, थंडीत अंग झाकून, ताप आला तर तासभरही वाट बघायची नाही. मीरा महिन्याला औषधं घरी आणते. आता तिला मी चिडवत नाही, चहा मात्र मागायच्या आधी ठेवते.

तेव्हा तपासून घ्या, बायांनो. लाल निघालं तरी पोरगी जगते. लपवलं तर कार्ड पांढरं राहतं आणि पोरगी जाते.

मागच्या महिन्यात ओट्यावर पुन्हा तपासणी लागली. या वेळी नावं लिहायला स्नेहल बसली होती, लाल कार्ड सगळ्यांना दिसेल असं टेबलावर ठेवून. मी बाजूला पाण्याचा माठ सांभाळत होते. रांगेत एक आई आपल्या लेकीला मागं ठेवून पुतणीला कोपरानं पुढं ढकलत होती. दोन्ही पोरींची मापं माझ्या वहीत आहेत, कोण कोण ते मला सांगायची गरज नव्हती.

पोरगी खुर्चीत बसली. स्नेहलनं पेन उचललं, तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मागं उभ्या काकूकडे.

"नाव सांग," ती म्हणाली. "तुहंच सांग."

पोरगी उठली. मी माठ सोडला आणि त्या आईचा हात धरला. "तुह्या लेकीले बसव," मी म्हटलं.