चार भागांचे शास्त्रीबुवा

शास्त्रीबुवांना साधं ‘बरा आहेस ना?’ विचारलं, तरी उत्तर यायचं, ‘कशाच्या मानाने?’ विरारला आमच्याच मजल्यावर, समोरच्या दारात राहायचा हा महापुरुष. वयाने माझ्याएवढाच. पण निकाल द्यायची हौस इतकी दांडगी, की अख्ख्या बिल्डिंगने त्याला शास्त्रीबुवा करून टाकलं.

विषय एकच: कॉम्प्युटरवरचा संसाराचा गेम. घर बांधायचं, त्यात माणसं ठेवायची, त्यांना जेवू घालायचं, कामाला धाडायचं. त्याचे एकामागून एक चार भाग आले, आणि चारांची तुलना हे बुवांचं जीवितकार्य झालं. ‘पहिल्यात कुणी म्हातारंच होत नाही, पोरं जन्मभर पोरंच. दुसऱ्यात वय वाढतं, झालंगेलं लक्षात राहतं. तिसऱ्यात अख्खं गाव मोकळं फिरता येतं, पण चेहरे बघवत नाहीत.’ चौथ्याचं नाव काढलं की तोंड कडू. ‘दिसायला देखणा. पण आला तेव्हा पाळण्यातलं बाळ एकदम दप्तर घेऊन शाळेत! रांगणं नाही, बोबडं बोलणं नाही. याला काय संसार म्हणतात?’ काय तो जिव्हाळा! स्वतःच्या घरात चहाचा कप कधी विसळला नाही.

त्याची आई, म्हणजे आमच्या काकू, स्वयंपाकघरातून ओरडायच्या, ‘तुझ्या माणसांना रोज शॉवर, आणि आपल्याकडे पाणी एक दिवसाआड! बादल्या भर आधी.’ बुवा मान न वळवता म्हणायचे, ‘थांब गं, इथे धाकटीचं लग्न लागतंय.’ बादल्या काकूच भरायच्या.

मी हटकून तिसऱ्या भागाची बाजू घ्यायचे. खरं सांगू? मला एकही भाग धड कळत नव्हता. भांडणाच्या निमित्ताने समोरच्या घरात तासभर बसता यायचं, एवढंच. आवडायचा मला तो मेला.

शेवटी काकूंनीच आमच्या लग्नाचा विषय काढला. दोन्ही घरं राजी. बुवांनी मला गच्चीवर बोलावलं. मी नवा ड्रेस घालून गेले, शहाणी!

‘हे बघ,’ तो गंभीरपणे म्हणाला, ‘नवा भाग आला की मी लगेच घेत नाही. सुरुवातीला चुकाच फार असतात. सुधारणा येईपर्यंत थांबतो. आपणही वर्षभर थांबू.’

‘सुधारणा कुणात व्हायचीय? माझ्यात?’

‘दोघांत,’ तो म्हणाला. केवढं ते मोठं मन!

आणि मी थांबले. एक वर्ष, मग दुसरं. विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘अजून थोडं.’ तेवढ्यात सांडोर गावातलं स्थळ आलं. केळीची वाडी, चार माणसांचं घर, आणि पहिल्याच भेटीत ‘मला पसंत आहे, तुमचं सांगा’ म्हणणारा मुलगा. त्याच संध्याकाळी मी समोरची बेल वाजवली आणि बुवांना सगळं सांगितलं. एक शब्द अडवणारा बोलला असता, तरी मी थांबले असते.

‘इतक्यात?’ एवढंच म्हणाला. घरी येऊन मी पोटभर रडले आणि सांडोरला होकार कळवला.

सुखात आहे मी. उगाच कुणी हळहळू नये.

गेल्या दिवाळीला माहेरी आले, तेव्हा काकूंना फराळ द्यायला गेले. दार त्यानेच उघडलं. कानशिलांवरचे केस पिकलेत आता. डबा हातात घेऊन तो उंबऱ्यातच उभा राहिला.

‘उशीर केला गं मी,’ तो म्हणाला.

इतक्या वर्षांचे टोमणे मी धार लावून ठेवले होते. ते तसेच राहू दिले.

‘हो,’ मी म्हटलं, ‘केलास.’