कारंज्यापाशी अकरा वाजता

११ डिसेंबर. सकाळभर मी समोरच्या खोलीतला कापूस मागे रेटत होते. प्रवासाची बॅग त्याच्याखाली दबली होती. भाव पडलेला असल्यामुळे त्या वर्षी गावात कुणी कापूस विकायला काढत नव्हतं. आमच्या घरात तो आढ्याला टेकला होता. आम्ही तिघं, म्हणजे मी, नवरा आणि मुलगा, स्वयंपाकघरात झोपायचो आणि कापसातल्या किडीने रात्रभर अंग खाजवायचो. बॅग निघाली तेव्हा तिचा एक कोपरा उंदराने कुरतडलेला होता. मी ती झटकली आणि उन्हात टाकली.

हैदराबादचा राजवाडा पाहायचं खूळ माझ्या नणंदेचं. ती राजूरला राहते, तिचा नवरा कोळसा खाणीत आहे. दिवाळीत आली तेव्हा म्हणाली, "वहिनी, नवाबाचा वाडा आता तिकीट काढून कोणालेही पाहाले भेटते. झुंबरं पाहा, गालिचे पाहा. जलमभर कापूसच पाहान काय?" मला पटलं. आमचं गाव केळापूरजवळ. पांढरकवड्याला हायवेवर उभं राहिलं की हैदराबादची गाडी मिळते, पण मी आदिलाबादच्या पुढे कधी गेले नव्हते.

एकदा जायचं ठरल्यावर मी नीट चौकशी केली. वाडा शुक्रवारी बंद असतो. रविवारी गर्दी फार. म्हणून मी बारा तारखेचा मंगळवार धरला. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मुलाला लोणचं लागतं म्हणून ते वेगळ्या डब्यात. चप्पल जुनीच, नवी चावते.

नणंद त्याच दिवशी दुपारी पक्कं करायला आली. मी परातीत दशम्यांचं पीठ मळत होते. नवरा दारात तुरीच्या शेंगा सोलत बसला होता. मंगळवार ऐकताच नणंद उसळली.

"मंगळवार कायचा? रविवारच. अन् अकराच्या आत पोचाचं, कारंज्यापाशी."

"कारंज्यापाशीच काहून, ताई? तुमी तं अजून वाडा पाह्यलाबी नाई."

"अवो, बसाले बरी जागा हाय म्हणते तिथं." आणि लगेच भावाकडे वळून म्हणाली, "दादा, पोट्ट्याले रविवारपर्यंत वावरात पाठवू नको. तोंड काळं पडून राह्यलं त्याचं."

नवरा शेंग सोलता सोलता हसला. "काय वं, खाणीत कामाले असलेल्या पोराचं तोंड का गोरं राह्यते? काळंच बरं दिसन."

मी मळायची थांबले. "कोणता पोरगा खाणीत हाय?"

नवऱ्याने शेंग हातातच धरली. नणंद पदराने तोंड पुसू लागली.

आमच्याकडे मुलगी पाहणं देवळात किंवा जत्रेत उरकायची पद्धत जुनी आहे. जमलं तर ठीक, नाही जमलं तर सहज भेट झाली म्हणायला दोन्ही घरं मोकळी. मलाही माझ्या सासूने एका देवळाच्या मंडपातच पाहिलं होतं. म्हणजे रविवार आणि कारंजं ऐकल्यावर मला समजायला हवं होतं. समजलं नाही, कारण अशी भेट मुलाच्या आईला न सांगता ठरते हे मी कधी ऐकलं नव्हतं.

मग नणंदेकडून एकेक निघालं. मुलगी कळंबची, डी.एड. झालेली. शेतकरी नको, हे तिच्या घरच्यांनी आधीच सांगितलेलं. नणंदेने त्यांना आमचा मुलगा राजूरच्या खाणीत आहे आणि तिच्याकडेच राहतो असं सांगून ठेवलं होतं, आणि तेही त्या रविवारी वाडा पाहायला येणार होते.

"अन् लगन झाल्यावर?" मी विचारलं.

"खाण सोडली म्हणू. तवापर्यंत कापसाले भाव येते. पाहुण्यांले या घरी बोलवाचं म्हणलं तं बसवाचं कुठी, सांगा? कापसावर?"

"अन् त्या पोरीच्या मायनं मले इचारलं असतं, पोरगा कोणत्या पाळीले जाते, तं मी काय सांगतलं असतं?"

"म्हणूनच तुमाले सांगतलं नाई. तुमी फटकळ."

मी खरंच फटकळ आहे, पण त्या वेळी हात पिठात होते, ते मी बाहेरसुद्धा काढले नाहीत. डोळ्यांसमोर एकच दिसत होतं: नव्या साडीतली एक अनोळखी पोरगी आमचं समोरचं दार उघडते आहे आणि तिला आत पाय टाकायला जागा नाही.

मुलगा मागच्या अंगणात फवारणीचा पंप धूत होता. मी तशीच पिठाच्या हातांनी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. याला काही माहीत नसणार, असं मी धरून चालले होते.

"तुले माहीत होतं?"

तो पंप उलटा करून पाणी काढत राहिला. "आतोबानं खाणीतल्या पाळ्या सांगतल्या मले. पाठ हाय."

"कोणी तुले खोटं बोल म्हणलं अन् तू हो म्हणला?"

"आई, खरं सांगून पाह्यलं न आपण," तो म्हणाला. "सगळीकडून नाईच आलं. पोरगा तिशीचा झाला तुहा."

त्याचा आवाज चढला नव्हता. मला ते जास्त लागलं. नणंदेवर मी ओरडू शकले असते, याच्यावर काय ओरडणार? पोरगी मिळेल ती फसवून मिळेल, नाहीतर मिळणारच नाही, हे माझ्या मुलाने मनाशी मान्य करून टाकलं होतं आणि मी दशम्यांना दूध किती लागेल याचा हिशोब करत होते.

"घर कुठी हाय त्यांचं?" मी विचारलं.

त्याने पंप भिंतीला टेकवून ठेवला. मग म्हणाला, "चिंतामणीच्या देवळामांगं. निळं फाटक."

नणंद चहा न घेता गेली. नवरा एवढंच म्हणाला, "मोडशील तू सारं." मी दशम्या केल्या, कारण पीठ भिजलेलं होतं, आणि रात्री त्याच खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या गाडीने निघाले, यवतमाळला बस बदलली आणि कळंबला उतरले. निळ्या फाटकाच्या आत एक बाई ओसरीवर मेथी निवडत बसली होती. मी फाटकातूनच म्हटलं, "मी राजूरच्या स्थळातली पोराची आई. पोरगा खाणीत नाई, वावरात हाय. घरात आमच्याच वावरातला कापूस भरला हाय, बसाले जागा नाई. इचारा काय इचाराचं थे."

तिने मेथीची जुडी बाजूला सारली आणि आत वळून मुलीला हाक मारली.