धवलारणीचा दावा

नळाला पाणी येण्याआधीच आमच्या मोरीत गुळण्यांचा आवाज सुरू व्हायचा. कोमट पाणी, मीठ, चिमूटभर हळद. गुळण्या आटोपल्या की माझ्या सासूबाई, आवडाबाई, मागच्या पडवीत जाऊन मान वर करून ‘आ’ लावायच्या. ‘आ’ काही लागायचा नाही, नुसती हवा यायची. खाकरायच्या, पदराने तोंड पुसायच्या, पुन्हा लावायच्या. आत तव्यावर भाकरी टाकता टाकता माझं डोकं फिरायचं. ठाण्याच्या कोर्टात आम्ही लिहून दिलेलं की या बाईचा आवाज कायमचा गेला, आणि ही बाई रोज सकाळी तो शोधायला पडवीत जाणार.

ठाकुर्लीच्या जुन्या गावात आम्ही राहतो. आजूबाजूला टॉवर उभे राहिले, पण आगऱ्याच्या घरचं लग्न अजून धवलारणीशिवाय लागत नाही. भटजींचं काम नंतरचं. त्याआधी धवलारीण मांडवात पाटावर बसून धवले गाते. गावदेवाला, कुलदेवीला आणि मग त्या घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन लग्नाला बोलावते. एखादं नाव राहिलं तर तो पितर वेशीवरच ताटकळत राहतो, असं मानतात. दिव्यापासून टिटवाळ्यापर्यंत किती घरांचे पितर सासूबाईंना पाठ होते, ते त्यांनाच ठाऊक. मी टिटवाळ्याची. माझ्या पणजोबांचं नाव मला लग्नात त्यांच्या तोंडून कळलं.

अशाच एका लग्नाहून, दिव्याहून रिक्षाने परत येताना शिळ रोडवर एक गाडी उलट्या बाजूने अंगावर आली. रिक्षा आडवी झाली. सासूबाईंच्या बरगड्या मोडल्या, त्या जुळल्या. पण श्वासासाठी घशात घातलेली नळी काढली तेव्हा आवाज काही परत आला नाही. डॉक्टर म्हणाले, आता कुजबुजच राहील. गाडीवाल्याच्या विमा कंपनीवर आम्ही भरपाईचा दावा लावला.

आमचे वकील विनीत साबळे तरुण आहेत, भले आहेत, पण धवलारीण म्हणजे कोण हे त्यांना समजवायला मला दोन-तीन चहा लागले.

“म्हणजे गायिका?”

“नाही.”

“मग पुरोहित?”

“तसंच काहीसं. पण तसं नाही.”

शेवटी त्यांनी पेन खाली ठेवलं आणि सासूबाईंकडे वळले. “काकी, एकच लक्षात ठेवा. आवाज परत येईल असं कुठेही बोलायचं नाही. आशाबिशा सगळी घरी ठेवायची.”

सासूबाईंनी शहाण्यासारखी मान डोलावली आणि दुसऱ्याच दिवशी ज्येष्ठमध आणायला मला कल्याणला पिटाळलं.

तारखा पडत राहिल्या. लग्नसराईत गावात कुठे बेंजो वाजला की सासूबाई आतबाहेर करायच्या. पाणी घ्यायच्या, प्यायच्या नाहीत. दार उघडायच्या, लावायच्या. “आई, बसा की जरा,” मी खेकसायची. बसल्या तर बोटं मांडीवर ठेका धरायची. मला ते बघवायचं नाही आणि बघितल्याशिवाय राहवायचंही नाही.

त्यातच माझ्या धाकट्या दिराचं, मधुचं लग्न ठरलं. धवल्यांना शेजारच्या गावची रतनबाई सांगितली होती. पण मधु हट्टाला पेटला. पितरांना हाक आईच्याच आवाजात गेली पाहिजे. माझं नि थोरल्या मुलाचं, नयनचं, लग्न झालं तेव्हा सासूबाईंनी स्वतः धवले गायलेले, त्याचं रेकॉर्डिंग घरात होतं. मधुने पितरांचा तेवढा भाग काढून डीजेवाल्याला दिला.

“वहिनी, बघ तू,” तो मला म्हणाला, “आई एकदम खूश होईल.”

मांडवाच्या दिवशी सासूबाईंना पाटावर बसवलं आणि स्पीकरमधून त्यांचा जुना आवाज आला. खणखणीत, जरा नाकातला, अख्ख्या आळीला ऐकू जाणारा. बाया डोळे पुसायला लागल्या. सासूबाईंचे ओठ आपोआप हलत होते. पणजे झाले, आजे झाले, चुलते झाले, आणि आवाज पुढच्या धवल्याकडे वळला. तशा सासूबाई ताडकन उठल्या. डीजेकडे हात करून त्यांनी तोंड उघडलं, पण बाहेर काहीच आलं नाही. डीजेवाल्याला वाटलं, वाढवायला सांगतायत. त्याने आवाज वाढवला.

त्यांनी माझं मनगट असं आवळलं की बांगडी पिचली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या लग्नात सासरे हयात होते. हयात माणसाला पितरांत कोण बोलावणार? ते गेले त्यानंतर, अपघाताच्याही आधी. आता त्यांच्याच मुलाच्या लग्नाला घरचे सगळे पितर आले आणि बाप तेवढा वेशीवर राहिला. मी स्पीकर बंद करायला लावला आणि जमेल तशा सुरात, म्हणजे बिनसुरातच, हाक मारली, “गोपीनाथबाबा, मांडवी या.” पोरं हसली. सासूबाई मात्र खाली बसल्या.

त्या दिवसाचा व्हिडिओ कुणीतरी मोबाईलवरून टाकला आणि कंपनीच्या वकिलांनी तो शोधून काढला.

पुढच्या तारखेला सासूबाई साक्षीला उभ्या राहिल्या. त्यांचं बोलणं ऐकू येईना, म्हणून न्यायाधीश मॅडमनी मला शेजारी उभं राहून ते मोठ्याने सांगायची परवानगी दिली. कंपनीच्या वकिलांनी लॅपटॉप आमच्याकडे फिरवला. सासूबाई पाटावर, ओठ हलतायत, आवाज घुमतोय.

“हा आवाज कोणाचा?”

“माझाच,” सासूबाई म्हणाल्या. मी ते मोठ्याने सांगितलं तसा विनीत वकिलांनी कपाळाला हात लावला.

“म्हणजे तुम्ही गाऊ शकता.”

“जुना हाय त्यो.”

“जुना आहे असं आता म्हणालच तुम्ही. पुरावा काय?”

इतक्या वर्षांच्या खेपा त्या एका लॅपटॉपशी येऊन अडल्या होत्या. खरं सांगायचं तर मला सासूबाईंचाच राग आला. ओठ कशाला हलवायचे?

त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणलं. “त्याना इचार, यात माझा मालक कुठं हाय?”

मी विचारलं. कुणाला काही कळेना. मग त्या कुजबुजत राहिल्या आणि मी सांगत राहिले. ही हाक गेलेल्या माणसांची आहे. माझे मालक गोपीनाथ या लग्नाच्या कितीतरी आधी वारले, मृत्यूचा दाखला कोर्टाच्या कागदांत आहे. यात आमच्या घरचे सगळे पितर आहेत, ते एकटेच नाहीत.

“मी त्या दिवशी गायले असते, तर त्यांनाच विसरले असते?”

हे सांगताना माझाच आवाज फाटला.

न्यायाधीश मॅडमनी लॅपटॉप स्वतःकडे वळवून घेतला. मग म्हणाल्या, “पुढे काय झालं ते दाखवा.” कंपनीचा व्हिडिओ पितरांची नावं संपताच कापलेला होता. मधुच्या फोनमध्ये पूर्ण होता. विनीत वकिलांनी घाईघाईने परवानगी मागून तो लावला. सासूबाई उठल्या, हात केला, तोंड उघडलं. त्यांचं तोंड तसंच उघडं होतं आणि स्पीकरमधला त्यांचा आवाज निवांत पुढचा धवला गात होता. मग सगळं बंद झालं आणि माझी ती बेसूर हाक कोर्टात ऐकू आली. या वेळी कुणी हसलं नाही. कंपनीच्या वकिलांनी आणखी काही विचारायचं नाही म्हणून सांगितलं.

निकाल आमच्या बाजूने लागला. विनीत वकील स्वतः पेढे घेऊन घरी आले. निकाल इंग्रजीत होता, मी वाचून मराठीत सांगत गेले. सासूबाई पेढा हातात धरून ऐकत होत्या. ‘अर्जदार बाईंचा आवाज कायमचा गेल्याचं सिद्ध झालं आहे,’ इथे त्यांनी मला थांबवलं.

“पुन्ना वाच.”

मी पुन्हा वाचलं.

“असा लिवलाय?”

“हो आई. म्हणून तर आपण जिंकलो.”

त्यांनी पेढा परत पुड्यात ठेवला.

दुसऱ्या दिवशी नळ आला, पाणी भरून झालं, तरी मोरीत आवाज नाही. ज्या गुळण्यांनी इतकी वर्षं माझं डोकं उठवलं, त्या नाहीत म्हणून मला घरात बसवेना. मी आतबाहेर केलं. दार उघडलं, लावलं. शेवटी मीच पाणी कोमट केलं, मीठ-हळद घातली आणि तांब्या पडवीत नेला. सासूबाई भिंतीला टेकून बसलेल्या. हात मांडीवर, बोटं गप्प.

“घ्या आई,” मी म्हटलं. “कोर्टाला काय कळतंय?”

त्यांनी तांब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि तांब्या माझ्याच पुढे सरकवला.

“तू कर,” त्या कुजबुजल्या. “शेजारच्या दगडूच्या पोरीचा लगीन हाय. तुजं ते वरडणं आयकून पितर मांडवातनं परत जातील.”

मी मोरीत जाऊन गुळण्या केल्या, पडवीत आले, मान वर केली आणि ‘आ’ लावला.

“नाय,” सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या बोटांनी मांडीवर ठेका धरला होता. “पुन्ना.”