जिंदगीभर खराब नाही होत

पवनीच्या बसस्टँडसमोर त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. सातबारा असो की शाळेचा दाखला, कागद हातात आला की तो विचारणारच, "लॅमिनेशन करून देऊ का ताई? जिंदगीभर खराब नाही होत." बोलणं इतकं गोड की समोरचा नाही म्हणत नाही.

माझ्या वहिनीलाही नाही म्हणता आलं नाही. वजन कमी करायचं ऑपरेशन बँकॉकला नागपूरपेक्षा स्वस्तात होतं, हे तिच्या डोक्यात त्यानंच भरवलं. पासपोर्ट, तिकीट, दवाखाना, सगळं त्याच्याच हातचं. "पाच दिवसात वापस, वहिनी. भेऊन काहून राहिल्या?"

पाच दिवसांत ती आली. आठव्या दिवशी तिचं पोट फुगलं, ताप उतरेना. नागपूरचे डॉक्टर विचारत होते, आत नेमकं काय कापलंय? तिकडचा कागद तिकडच्या लिपीत, एक अक्षर कोणाला लागेना. ह्या शहाण्यानं तो लॅमिनेट मात्र करून दिला होता. तिकडच्या दवाखान्यात कोणी फोन उचलला नाही. वहिनी गेली.

काल तिच्या मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स काढायला गेले. त्यानं दाखला हातात घेतला, मान खाली घातली आणि म्हणाला, "लॅमिनेशन करून देऊ का ताई?"

त्याच्या मागे भिंतीवर वहिनी हसत होती. विमानतळावरचा फोटो, खाली ऑपरेशनची जाहिरात. मी आत घुसून तो उपटला. दोन्ही हातांनी ओढला, दातात धरला.

फाटला नाही.